मारी रोलेची बावीस वर्षे : कॅनडातील मराठी मंडळांना खुले पत्र

कॅनडातील मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि मराठी शाळांचे शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या मंडळांच्या बसगाड्या क्यूबेक शहराकडे निघतात. तटबंदी, गारगोटीचे रस्ते, नदीकाठचे मोठे हॉटेल, घोडागाडी आणि मग मोंमोरान्सी बागेत दशम्या-चटणीचे डबे असा हा ठरलेला कार्यक्रम आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. माझे म्हणणे त्या बागेतल्या एका पुतळ्याविषयी आहे. त्याहूनही, त्या पुतळ्यापाशी आपण आपल्या मुलांना जे सांगतो त्याविषयी आहे. मागच्या सहलीत मी मराठी शाळेची स्वयंसेविका म्हणून सोबत होते. मुलांच्या हातात दिलेल्या माहितीपत्रकावर लिहिले होते : ‘कॅनडाचा पहिला शेतकरी लुई एबेर. 1617 मध्ये पत्नी व तीन मुलांसह येथे आला.’ पत्नीचे नाव नव्हते. मुलांना चौथऱ्याभोवती गोल फिरवून फोटो काढले, आणि त्या फेरीत तिसरीतली एक मुलगी मागे रेंगाळली. चौथऱ्याच्या बाजूला पुस्तक हातात घेऊन बसलेली एक बाई आहे आणि तिच्याजवळ तीन मुले आहेत, त्या बाईकडे बोट दाखवून तिने विचारले, “ही कोण?” मी म्हटले, “त्यांची आई.” ती म्हणाली, “मग वरच्या काकांना नाव आहे, हिला नाही का?” बस सुटायला आली होती, म्हणून मी तिला गाडीत बसवले. उत्तर राहून गेले. ते आज लिहिते आहे.

तिचे नाव मारी रोले. ती मूळची पॅरिसची. तिचा नवरा लुई एबेर हा औषधे तयार करणारा, पॅरिसमधल्या अशाच एका औषधविक्रेत्याचा मुलगा, आणि 1606 पासून अटलांटिकपलीकडच्या अकेडिया या फ्रेंच वसाहतीत जाऊन आलेला माणूस. 1617 मध्ये राहते घर विकून, बायको आणि आन, गियमेत, गियोम ही तीन मुले घेऊन तो ओंफ्लर बंदरावर पोहोचला, तेव्हा ज्या व्यापारी कंपनीने त्याला बोलावले होते तिने ठरलेली रक्कम निम्म्यावर आणली. घर विकून झाले होते, सामान बांधून झाले होते. परत जाणार कुठे? सही करावी लागली. त्या कराराप्रमाणे लुईने, त्याच्या बायकोने, मुलांनी आणि सोबतच्या नोकराने कंपनी सांगेल ते काम करायचे होते. मारीचे श्रम करारात धरलेले होते आणि त्यांचा वेगळा मोबदला धरलेला नव्हता, ही गोष्ट मला त्या कागदातली सर्वांत बोलकी वाटते. आपल्यापैकी जे ‘डिपेंडंट’ असा शिक्का असलेल्या व्हिसावर या देशात उतरले, त्यांना ती समजावून सांगायची गरज नाही.

समुद्रप्रवास भीषण झाला. बर्फाच्या कड्यांमध्ये जहाज सापडले आणि आता बुडणार असे सर्वांना वाटले, तेव्हा डेकवर उभ्या असलेल्या पाद्र्याचा शेवटचा आशीर्वाद मिळावा म्हणून खालच्या कोठडीतून मारीने आपले धाकटे मूल झडपेच्या भोकातून वर उचलून धरले, अशी हकीकत त्या काळच्या लिखाणात आलेली आहे. जहाज वाचले. उतरल्यावर जी वस्ती दिसली तिला शहर म्हणणे धाडसाचे होते : सामुएल द शाम्प्लेन या फ्रेंच शोधकाने 1608 मध्ये उभारलेले लाकडी ठाणे, आणि पन्नास-साठ माणसे, त्यांतली बहुतेक केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी आलेली, दोन हंगाम काढून परत जाणारी. संसार घेऊन राहायला आलेले हे पहिले कुटुंब. दुसऱ्याच वर्षी थोरल्या आनचे लग्न एतियेन झाँके याच्याशी झाले, आणि पुढे बाळंतपणात ती गेली. परदेशात पहिली लेक बाळंतपणात गमावलेल्या आईविषयी आपल्या पत्रकात एक ओळ तरी असायला हवी होती.

लुई एबेरची थोरवी मला कमी करायची नाही. जमिनीला त्याने हातांनी आणि कुदळीने पिकाऊ केले. नांगर मागून मागून त्याला तो मिळाला नाही. 1623 मध्ये त्याच्या जमिनीला अधिकृत मान्यता मिळाली आणि 1626 मध्ये ती पक्की होऊन तीत भर पडली. पण पुढच्या जानेवारीत बर्फावरून घसरून तो पडला आणि 25 जानेवारी 1627 रोजी वारला. कुटुंब इथे येऊन जेमतेम दहा वर्षे झाली होती. माहितीपत्रकांतली गोष्ट इथे संपते. मारी मात्र यानंतर बावीस वर्षे जगली, आणि ही वस्ती टिकणार की उठणार हे त्या बावीस वर्षांतच ठरले. म्हणून माझा आग्रह आहे की पुतळ्यापाशी आपली गोष्ट जिथे थांबते, तिथून ती पुढे चालू करावी.

नांगराचेच बघा. बैलजोडीने ओढलेला पहिला नांगर क्यूबेकच्या जमिनीत घुसला तो 27 एप्रिल 1628 रोजी, म्हणजे लुई जाऊन सव्वा वर्ष झाल्यावर. तो धरला मारीचा जावई, गियमेतचा नवरा गियोम कुयार याने. शिल्पकार आल्फ्रेड लालिबेर्ते याने चौथऱ्याच्या दुसऱ्या बाजूला कुयारला नांगरासह बसवले आहे, त्यामुळे पुतळा खोटे बोलत नाही. पण वर गव्हाची पेंढी उंचावलेला लुई बघून खालचा नांगर त्याच्याच हयातीतला आहे असे बघणाऱ्याला वाटते. त्या एप्रिलमध्ये घरची कर्ती बाई विधवा मारी होती. आपल्याकडे विदर्भात आणि मराठवाड्यात नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर स्वतःचे नाव चढवून घेण्यासाठी तलाठ्याच्या कार्यालयात खेटे घालणाऱ्या बाया आहेत. नांगर कोणाच्याही हातात असो, पेरणीचा निर्णय कोण करते, बियाणे राखून कोण ठेवते, हे त्यांना विचारल्यास कळेल.

त्याच उन्हाळ्यात इंग्रजांकडून लढणाऱ्या किर्क बंधूंनी फ्रान्सहून येणारी रसद पकडली. 1628-29 चा हिवाळा उपासमारीत गेला. माणसे रानात कंदमुळे उकरत हिंडली. शाम्प्लेन सुरुवातीपासून शेती करा म्हणून सांगत होता आणि कंपनीला कातड्यांपलीकडे काही दिसत नव्हते. वस्तीत पेरलेली म्हणावी अशी जमीन होती ती मुख्यतः मारीची आणि तिच्या जावयाची. अशा दिवसांत, 16 मे 1629 रोजी, मारीने गियोम युबू याच्याशी दुसरे लग्न केले.

इथे मी थोडे थांबते, कारण ही तारीख सांगितल्यावर आपल्यातल्या काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठी उमटते, हे मी पाहिले आहे. एका सद्गृहस्थांनी तर “म्हणजे शेवटी तिनेही दुसरा घरोबा केलाच” असे म्हणून विषय बंद केला. दोन गोष्टी लक्षात आणून द्याव्याशा वाटतात. आपल्याकडे अनेक जातींमध्ये विधवेचा पाट लावण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या होती. ती नाकारून केशवपनाला धर्म मानणारे घर म्हणजे सगळा महाराष्ट्र नव्हे. दुसरी गोष्ट कायद्याची. विधवा विवाहाला मान्यता देणारा 1856 चा कायदा आपण अभिमानाने शिकवतो, पण त्याच कायद्यात पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपेल, असे कलम होते. मारी ज्या पॅरिसच्या रिवाजी कायद्यात वाढली त्यात लग्नानंतर जोडलेली मिळकत दोघांची सामाईक धरली जाई आणि नवऱ्यामागे त्यातला निम्मा वाटा बायकोचा असे. नवा नवरा करूनही ती त्याच जागेवर, आपल्या लेकी-नातवंडांत राहिली. लग्नाला तीन वर्षे झाल्यावरही लोक तिच्या घराला ‘मादाम एबेरचे घर’ म्हणत होते. त्या बिचाऱ्या युबूचे नाव घराला कधी चिकटलेच नाही!

लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच जुलै 1629 मध्ये शाम्प्लेनने किर्क बंधूंपुढे शरणागती पत्करली. जहाजे फ्रेंच माणसे भरून परत निघाली. मारीला जायचे की राहायचे हे ठरवावे लागले, आणि उभे पीक शेतात होते. शाम्प्लेनने तिला व्यवहारी सल्ला दिला : पीक काढा, ते देऊन व्यापाराची कातडी घ्या, मग वाटल्यास फ्रान्सला या. हे कुटुंब राहिले. इंग्रजांच्या झेंड्याखाली तीन वर्षे, आपल्या पंथाचा एकही पाद्री नसताना, आपली भाषा बोलणारी मूठभर माणसे उरलेली असताना, त्यांनी पेरले आणि कापले. 1632 मध्ये तह होऊन क्यूबेक फ्रान्सकडे परत आले. जुलैमध्ये जेझुइट पाद्री पॉल ल झन उतरला, तेव्हा त्याने पहिली प्रार्थना या देशातल्या सर्वांत जुन्या घरात, मादाम एबेरच्या घरात केली आणि तसे आपल्या वृत्तांतात लिहून ठेवले. त्या घराचे दार तीन वर्षे उघडे राहिले नसते, तर उतरणाऱ्यांना पुन्हा 1608 पासून सुरुवात करावी लागली असती.

आता मी त्या घराच्या आत येते. इथे मुलांपुढे काय सांगावे असा प्रश्न शिक्षकांना पडणार याची मला जाणीव आहे. मारीच्या आणि गियमेतच्या संसारात फक्त एबेर आणि कुयार ही दोन आडनावे नव्हती. 1628 च्या सुरुवातीला इन्नू या मूलनिवासी लोकांनी शाम्प्लेनला आपल्या तीन मुली दिल्या. त्याने त्यांची नावे ठेवली विश्वास, आशा आणि प्रीती. पहिली आपल्या लोकांकडे परत गेली. उरलेल्या दोघींना तो फ्रान्सला नेणार होता, किर्कने नेऊ दिले नाही, आणि त्या कुयारच्या घरी राहिल्या. पुढे जेझुइटांनी शिकवायला घेतलेल्या मूलनिवासी मुलींचा सांभाळही मारीच्या घरी झाला, आणि बाप्तिस्मा घेणाऱ्या कितीतरी जणांची ती धर्ममाता झाली. तिने त्यांच्यावर माया केली असेल, नाही असे मी म्हणत नाही. पण आपल्या आईची भाषा घराबाहेर ठेवून आत यायचे, हा त्या मायेचा दर होता. याच देशात पुढे निवासी शाळांमधून हजारो मूलनिवासी मुलांचे काय केले गेले ते आपली मुले सप्टेंबरच्या शेवटी नारिंगी शर्ट घालून शाळेत शिकतात. मराठी शाळेत मात्र आपण त्याच नदीकाठची गोष्ट ‘पहिला शेतकरी’ म्हणून सांगतो, हे विसंगत आहे.

आणि एक मुलगा होता. मादागास्करहून किंवा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेला, सहा-सात वर्षांचा, किर्क बंधूंबरोबर क्यूबेकला पोहोचलेला. पन्नास एक्यूंना, म्हणजे पन्नास फ्रेंच नाण्यांना, तो इंग्रजांना मिळालेल्या एका फ्रेंच कारकुनाला विकला गेला, आणि 1632 मध्ये तो कारकून निघून जाताना त्याने मुलाला कुयारच्या हवाली केले. पाद्री ल झन एका बाजूला या मुलाला आणि दुसऱ्या बाजूला एका मूलनिवासी मुलाला बसवून अक्षरे शिकवी. घरच्या मालकिणीने एकदा त्याला विचारले की बाप्तिस्मा घेऊन आमच्यासारखा व्हायचे आहे का. तो हो म्हणाला, पण मग माझी कातडी सोलणार का, असेही त्याने विचारले. भीतीने विचारले होते. मोठी माणसे हसली. ल झनने हा प्रसंग गंमत म्हणून नोंदवला आहे. 1633 मध्ये त्याचे नाव ऑलिव्हिए ठेवले गेले, पुढे त्याने पाद्र्याचेच आडनाव घेतले, आणि 1654 मध्ये त्याला पुरले तेव्हा नोंदवहीत त्याचा उल्लेख कुयारचा घरगडी असा झाला. कॅनडात गुलाम म्हणून नावानिशी नोंद झालेला हा पहिला आफ्रिकी माणूस. तो मारीच्या कुटुंबात वाढला, तिच्या नातवंडांबरोबर. तिसरीतल्या मुलीला हे सांगू नये असे कोणी म्हणेल. मला वाटते की कातडीचा प्रश्न तिला आपल्यापेक्षा लवकर समजेल, कारण तसाच एखादा प्रश्न तिला शाळेच्या पटांगणात कोणीतरी विचारलेला असतो.

‘पहिला शेतकरी’ हे शब्द पत्रकातून काढावेत, ही विनंतीही याच ओघात करते. 1535 मध्ये जाक कार्तिए हा फ्रेंच दर्यावर्दी इथल्या सेंट लॉरेन्स नदीवर आला तेव्हा आजच्या क्यूबेक शहराच्या जागी स्टॅडकोना नावाचे गाव होते आणि नदीकाठचे लोक मका पिकवत होते. शाम्प्लेन येईपर्यंत ते गाव उठलेले होते, पण शेती लुईने शोधून काढली नव्हती. ‘फ्रान्सहून आलेला पहिला शेतकरी’ असे लिहिल्यास कोणाचा मान कमी होणार नाही.

मारीच्या वंशाची एक गोष्ट मात्र आपल्या समाजाला मुद्दाम ऐकवावी अशी आहे. तिचा एकुलता मुलगा गियोम 1634 मध्ये एलेन देपोर्तशी लग्न करून पाच वर्षांत वारला. तीन मुलांपैकी दोघांना मारीने आपल्या डोळ्यांदेखत घालवले. एलेननेही दुसरे लग्न केले आणि पुढे ती सुईण म्हणून काम करू लागली. गियोमचा मुलगा जोसेफ 1661 मध्ये इरोक्वाँ या मूलनिवासी लोकांच्या हाती सापडला आणि परतला नाही. त्याच्यानंतर या घराण्यात एबेर आडनाव चालले नाही. आज क्यूबेकमध्ये जे एबेर भेटतात ते दुसऱ्या घराण्यांचे. वंश वाढला तो गियमेतच्या दहा लेकरांतून आणि नात फ्रान्स्वाजच्या पोटी, म्हणजे लेकीकडून आणि नातीकडून, आणि तो इतका वाढला की क्यूबेकमधल्या जुन्या फ्रेंच घरांत वंशावळी उलगडल्यावर मारीपर्यंत पोहोचणारी माणसे जागोजाग भेटतात. ‘वंशाला दिवा हवा’ म्हणणाऱ्यांना त्या बागेत पाच मिनिटे उभे करावे. गियमेतही 1663 मध्ये विधवा झाली. तीन वर्षांनी आईवडिलांचे जुने घर आणि आवारातली जमीन तिने बिशप लाव्हाल यांना सेमिनरीसाठी, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेसाठी, विकली. ती जागा आजही शहराच्या मध्यभागी आहे आणि आपली बस तिच्याजवळूनच वळते.

मारीला 27 मे 1649 रोजी पुरले. सोबत आलेला नवरा, दोन लेकरे, नव्या देशाची दोन सरकारे, एक दुष्काळ, हे सगळे तिने मागे टाकले होते.

या पत्राचे कारण तेवढेच नाही. 1967 मध्ये स्थलांतरितांच्या निवडीसाठी गुणांकन पद्धत आली आणि आपली माणसे या देशात मोठ्या संख्येने येऊ लागली. प्रत्येक शहरात ‘सर्वांत आधी आलेले’ एक काका असतात आणि गणपतीच्या व्यासपीठावर त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. तो व्हायलाच हवा. त्यांच्यातले अनेकजण आता नाहीत. त्यांच्या बायका आहेत. ऐंशीच्या घरात आहेत, एकट्या राहतात, बर्फ पडल्यावर स्वतः मीठ टाकतात. त्यांच्या आठवणी विचारायला आपण जातो तेव्हा “ह्यांनी अमुक साली इथे येऊन काय काय केले” एवढेच विचारतो, आणि त्याही तेवढेच सांगतात, कारण विचारले तेवढेच. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी पहिली तीन वर्षे शिवणयंत्रावर इतरांच्या पडद्यांना टिपा मारून घरभाडे भरले होते. त्या मंडळाच्या स्मरणिकेत त्यांचा उल्लेख ‘सहचारिणी’ असा आहे. मशीन अजून त्यांच्याकडे आहे, जेवणाच्या टेबलाशेजारी, वर क्रोशाचा रुमाल टाकलेले.

माझी मागणी मोठी नाही. क्यूबेकच्या सहलीचे पत्रक बदलावे. त्यात मारी रोले हे नाव असावे, 1627 ते 1649 ही वर्षे असावीत, ऑलिव्हिए आणि त्या इन्नू मुली असाव्यात. मजकूर मी लिहून ठेवला आहे, दोन पानांत बसतो, मोठ्या मुलांसाठी आणि लहान मुलांसाठी वेगवेगळा. ज्या मंडळाला हवा त्याने मागून घ्यावा, त्यात भर घालावी, माझ्या चुका दाखवाव्यात. बागेतला थांबा दहा मिनिटांचा आहे तो पाऊण तासाचा करावा आणि डबे चौथऱ्याच्या त्या बाजूला उघडावेत, जिथे ती पुस्तक घेऊन बसली आहे. मराठी शाळांनी या वर्षीच्या आठवणी-संकलनात विधवा झालेल्या आपल्या ज्येष्ठ स्त्रियांना त्यांच्या स्वतःच्या वर्षांविषयी विचारावे. प्रश्नांची यादी करायला मी यायला तयार आहे.

त्या तिसरीतल्या मुलीचे नाव पुढच्या सहलीच्या यादीत आहे. तिला उत्तर मी स्वतः देणार आहे, त्यासाठी मात्र बसमध्ये मला एक जागा ठेवावी.

आपली नम्र,
मराठी शाळेतील एक स्वयंसेविका,
मॉन्ट्रियल